लेकाच्या गाडीखालचा पुठ्ठा

अगं,

तू उठायच्या आत त्याची गाडी बाहेर काढतोय. घाबरू नकोस, पळवणार नाही. इंजिन चांगलं तापल्याशिवाय तेलाची गळती थांबली की नाही, ते कळत नाही.

आपल्या लेकाने इंजिनाला जोर यावा म्हणून हौसेने टर्बो बसवला, पण त्यातलं तेल खाली परत आणणारा पाइप उगाच लांब ठेवला. मध्ये पोट सुटल्यासारखा लोंबत होता. ते तेल आपल्या वजनाने उतरतं, त्याला चढ चढता येत नाही. मग तिथेच तुंबायचं आणि सांध्यातून गळायचं. हा पठ्ठ्या आपला क्लिपच आवळत बसायचा, आणि तू रोज सकाळी गाडीखाली नवा पुठ्ठा सरकवताना त्याच्या नावाने खडे फोडायचीस. तो गेला, तरी पुठ्ठा बदलायचं तू सोडलं नाहीस. मी बघत होतो.

काल तो पाइप कापून सरळ उतरता केला. संध्याकाळी त्याचा मित्र गाडी न्यायला येतोय. आपल्या दारातून गळकी गाडी जायला नको.

परत आलो की पुठ्ठा तूच बघ. मला वाकून धड दिसत नाही.

आणि सोफ्यावरची उशी शोधत बसू नकोस, मी नेली आहे. माझे पाय ब्रेकपर्यंत पुरत नाहीत, म्हणून पाठीशी घेतली. सीट पुढे ओढता आली असती. पण ती त्याने लावलेली आहे.