शेडमध्ये गोठलेले रंग

हार्लेम, गुरुवार संध्याकाळ

मार्गशीर्षातली पूजा, म्हणून काल देवघराखालचा कप्पा रिकामा केला. लेक सई रंगवते त्या चिमुकल्या पुतळ्यांचे रंग, थेंब पाडायच्या बाटल्यांतले, सायकलींच्या शेडमध्ये ठेवले. रात्री कडाक्याची थंडी पडली. आज निळा बशीत पाडून पाहिला, तर नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या. उद्या ती मास्ट्रिख्टहून येणार, स्पर्धेसाठीचा घोडेस्वार रंगवून पुरा करायला.

बायकोला म्हटलं, "देवासाठीच हलवले ना?"

"शेडमध्ये ठेवा, असं देवाने सांगितलं होतं?"

नव्हतं सांगितलं. मग मला कसं सुचलं नाही? लालमध्येही त्याच गुठळ्या. शेवटी फोन लावला.

"सई, तुझे रंग गोठले. माझ्यामुळे."

ती म्हणाली, "बाबा, प्लीज, हिटरवर ठेवू नकोस."

सगळ्या बाटल्या हिटरवरच होत्या. फोन तसाच टाकून धावलो.