बुटकं दार

लीड्स, जुलै १९०९

प्रिय आई,

अक्षर माझं नाही म्हणून घाबरू नकोस. बोटाला जरासा चेंडू लागलाय, म्हणून आमचा पगारी गोलंदाज थ्रॉसल लिहून देतोय. बागेतल्या नासपतीला फळ धरलं का?

उद्या जिंकायला बावीस धावा हव्यात आणि शेवटची जोडी मी आणि थ्रॉसलच. मैदानात उतरायला आम्हा हौशी लोकांचं दार वेगळं, पगारींचं वेगळं. मी त्याला म्हटलं, "उद्या तुझा हा कप्तान तुझ्याच दाराने येणार."

"साहेब, बुटकं आहे ते. वाकावं लागेल."

"वाकेन की!"

तुझा लाडका,
एडमंड

ता. क. बाईसाहेब, बोट मोडलंय. ऐकत नाहीत, एका हाताने खेळणार म्हणतात. काळजी नको. चेंडू मी खेळून काढतो. त्यांनी फक्त दाराशी डोकं सांभाळावं. – थ्रॉसल