सही करू नकोस

१२ एप्रिल
दोन दिवस राजूचा फोन नाही. शुक्रवारी सकाळी एक व्हॉइस मेसेज आला, त्यानंतर एकदम गप्प. असं तो करत नाही. रोज रात्री साडेआठला फोन — तिकडे आखातात तेव्हा सात वाजलेले असतात. दोन वर्षं चार महिने हेच चाललंय.
आई (सासूबाई, पण मी आईच म्हणते) दर अर्ध्या तासाने विचारतात, "लागला?" मी म्हणते, रेंज नसेल. ज्या इमारतींचे एसी तो दुरुस्त करतो त्या साठ-साठ मजल्यांच्या, आणि तिथे रेंज नाही! कोणाला पटणार?

१३ एप्रिल
गुणाजीचा फोन आला. राजूच्या खोलीत राहतो, कणकवलीचा. "वहिनी, आधी बसा बघू." तेव्हाच कळलं.
राजू पडला. शुक्रवारीच. कामगारांच्या कॅम्पच्या गच्चीवर एसीचं युनिट बघायला चढला आणि लोखंडी शिडी निसटली. मांडीचं हाड मोडलं, खुबा सरकला. मांडीचं ऑपरेशन झालं, आत रॉड घातलाय. शुद्धीवर आहे. त्याचा फोन फुटला म्हणून कळवता आलं नाही.
आईंना सांगितलं. त्या उठल्या आणि नळ बंद करायला मोरीत गेल्या. नळ बंदच होता.

१४ एप्रिल
खाली निळे झेंडे, लेझीम, सगळी वरळी रस्त्यावर. आई पांढरी साडी नेसून वंदनेला गेल्या. मी गेले नाही.
गुणाजीच्या फोनवरून राजूशी बोलणं झालं. आवाज कोणीतरी उशीखाली दाबल्यासारखा. पहिलं वाक्य — "नमू, जेवलीस?" हॉस्पिटलात पडलाय आणि मी जेवले का विचारतोय!
तो गेला तेव्हा आम्ही बीडीडी चाळीत होतो, दुसऱ्या मजल्यावर. एका खोलीत तिघं, संडास बाहेर. आता पुनर्विकासातली नवी इमारत, सतरावा मजला, दोन खोल्या. हे घर त्याने फोनवरच पाहिलंय. कपाटाचा डावा भाग रिकामा ठेवलाय त्याच्यासाठी. या घरात त्याची शिंक ऐकली नाही अजून, चप्पल काढल्याचा आवाज नाही. कधीकधी वाटतं, घर मिळालं ते आम्हा दोघींनाच मिळालं.

२० एप्रिल
कंपनी हात वर करतेय! त्याचं विम्याचं कार्ड फेब्रुवारीतच संपलं होतं. नवं करायचं काम कंपनीचं, केलंच नाही. हॉस्पिटल कंपनीकडे बोट दाखवतं. कंपनी म्हणते, शुक्रवार सुट्टीचा, तो आपल्या मर्जीने चढला, आमचा काय संबंध?
व्हिसा त्यांचा. पासपोर्ट त्यांच्या ड्रॉवरमध्ये. सुट्टीवर यायचं तर सही त्यांची. आणि पडला की तो कोणाचाच नाही!
खुब्याचं दुसरं ऑपरेशन अडकलंय. खर्चाची हमी दिल्याशिवाय तारीख नाही.

२२ एप्रिल
फणसवाडीत एजंटकडे गेले. पाठवायच्या वेळी पेढे खाल्ले होते त्याने आमच्याकडचे. आज म्हणाला, "मॅडम, माणूस पोचवला की आपला रोल संपतो." कराराची प्रत मागितली तर म्हणाला, सापडली तर बघतो. मी बाकावर बसून राहिले. पावणेदोन तास. शेवटी जेवायला जायचं म्हणून दिली त्याने.

२३ एप्रिल
आमच्या दादरच्या छापखान्यात मी लग्नपत्रिकांची प्रुफं वाचते. अकरा वर्षं. वेलांटी चुकली तर डोळ्यात कुसळ गेल्यासारखं होतं. आज पत्रिका बाजूला ठेवून करार वाचला. पाचव्या पानावर, खाली, मुंगीएवढ्या अक्षरात — कलम अकरा. नोकरीच्या काळात आजार किंवा इजा झाल्यास उपचाराचा सर्व खर्च मालकाने करायचा. ड्युटीवर, सुट्टीवर असला काही भेद नाही. काम करताना इजा झाली तर पूर्ण बरा होईपर्यंत पगारही.
दोनदा वाचलं. बोट ठेवून वाचलं.

२७ एप्रिल
उर्मिलाताईंना भेटले. परदेशी गेलेल्या कामगारांचे अर्ज करून देणाऱ्या संस्थेत बसतात, दादरलाच. साठीच्या, आवाज शाळेतल्या बाईंसारखा. कलम अकरा वाचून चष्मा काढला. "हे शोधलंत तुम्ही? छान. तिकडच्या कामगार खात्यात तक्रार करू. पण एक लक्षात ठेवा — आता ते तुमच्या नवऱ्यापुढे कागद ठेवतील. त्यावर सही नको."

१ मे
बुद्धपौर्णिमा. आईंनी खीर केली. राजूच्या नावाची वाटी भरून ठेवली.
आणि साडेआठला फोन. कागद आला! मॅनेजर स्वतः घेऊन आला वॉर्डात, सोबत द्राक्षं. कागदावर लिहिलंय — मी राजीखुशीने नोकरी सोडतो, पडलो तो माझ्या चुकीने, पुढच्या उपचाराचं कंपनीकडे काही मागणार नाही. सही केली की आतापर्यंतचं बिल ते भरणार आणि गुरुवारचं मुंबईचं विमान. स्ट्रेचरसकट.
"नमू, गुरुवारी! करू का सही?"
गुरुवारी. सहा दिवस. दाराशी स्ट्रेचर, लिफ्टमध्ये मावेल का, पलंग खिडकीकडे सरकवावा — इथवर जाऊन आले मी क्षणात. मग म्हटलं, उद्या सांगते.

२ मे
रात्रभर तोच विचार. खुबा बसवला नाही तर डॉक्टर म्हणतात पाय कायमचा आखूड. शिडीवर चढणं संपलं. इथे आणून ऑपरेशन करायचं तर आम्ही घर गहाण टाकणार का? आणि ते तरी का? चूक कोणाची?
पण मला तो हवाय. आत्ता. लंगडा, कसाही. त्याच्या पाठीला पाठ लावून झोपायचंय. हे कोणाला सांगू? आईंना कसं सांगू?
आई म्हणाल्या, "मी काय सांगू, मी आई आहे. मी म्हणणार ये. तू बायको आहेस, तू विचार करून बोल."
साडेआठला सांगितलं. सही करू नकोस. येऊ नकोस एवढ्यात.
तो म्हणाला, "तुला नकोय का मी?"
दोन वर्षं ज्याच्यासाठी दिवस मोजले, त्यालाच माझ्या तोंडाने म्हटलं येऊ नकोस. आणि त्याने हे विचारलं.
मोरीचं दार लावून रडले. नव्या घरात दारं बंद होतात, एवढं बरं.

३ मे
साडेआठला फोन नाही.

४ मे
नाही.

५ मे
आला! "नाही केली सही. मॅनेजर द्राक्षं परत घेऊन गेला." हसलो दोघंही. मग तो म्हणाला, "मी त्या दिवशी मूर्खासारखं बोललो." मी म्हटलं, बोलत राहा.

९ मे
उर्मिलाताई म्हणतात, कंपनी तोच एक मुद्दा धरून बसणार — सुट्टी होती, कोणी चढायला सांगितलंच नाही. पगारही मिळवायचा तर कामावर पाठवलं याचा पुरावा हवा. फोरमन तर साफ नाकारतोय.
पुरावा माझ्याकडे आहे. त्या शुक्रवारचा मेसेज. गेला महिनाभर झोपण्यापूर्वी ऐकतेय, आणि कधी डोक्यात आलं नाही की हा कागदासारखा पुढे ठेवता येतो. मी त्यातला फक्त आवाज ऐकत होते.
"नमू, सुट्टी असून फोरमनने वर पाठवलंय. मॅनेजरच्या खोलीतला एसी बंद, साहेब तापलाय. आलो की फोन करतो. अगं, रात्री झोपेत तुझ्या केसांचा वास आला. असा खराखुरा! उठून बसलो — तर गुणाजीने डोक्याला खोबरेल लावलेलं!"

११ मे
संस्थेत मेसेज लावून दाखवला. टेबलाभोवती चार माणसं. खोबरेलाशी एकजण हसला आणि लगेच खाली बघू लागला. माझे कान तापले. उर्मिलाताई हळूच म्हणाल्या, "पुढचं कापून देऊ?" पण कापला तर कंपनी म्हणेल बनावट आहे. म्हटलं, सगळा द्या. परक्या देशातल्या साहेबांपुढे आता माझ्या केसांचा भाषांतरासह उल्लेख होणार. होऊ दे.

२६ मे
सुनावणी झाली. राजूला नेता येत नव्हतं, गुणाजी गेला. मॅनेजर समोर बसलेला असताना सांगितलं त्याने — फोरमनने हाक मारली तेव्हा मी तिथेच होतो. नोकरी जाईल हे ठाऊक असूनही. फोनवर त्याचे आभार मानायला गेले तर म्हणतो, "वहिनी, उद्या मीच पडलो तर?"

१० जून
निकाल! अपघात कामावरचाच. दोन्ही ऑपरेशनं, औषधं, बरा होईपर्यंतचा पगार — सगळं कंपनीने द्यायचं. आईंनी शेजारच्या तिन्ही दारांवर जाऊन सांगितलं. गुणाजीला कामावरून काढता येणार नाही, असंही लिहून घेतलंय.
ऑपरेशन बारा जुलैला. मग सहा आठवडे अंथरुणात. म्हणजे सप्टेंबर उजाडणार. जिंकलो, आणि तो आणखी लांब गेला. हे असं वाटणं बरं नाही, पण वाटतंय.

१२ जून
उर्मिलाताईंचा फोन. "निकालाचं शेवटचं पान वाचलंत?" नव्हतं वाचलं! मी, प्रूफ वाचणारी! 'दोन्ही ऑपरेशनं' इथेच थांबले होते. त्यांनी अर्जात मला न सांगता एक ओळ घातली होती. ती मंजूर झालीय.
आईंना वाचून दाखवली. आई म्हणाल्या, "कंपनी एकाच माणसाचं तिकीट देणार ना? माझे गुडघे हे असे. माझ्याकडे काय बघतेस?"

१८ जून
पासपोर्ट ऑफिस. बाई म्हणाली, कान दिसू देत. केस मागे घेतले.

११ जुलै
वॉर्ड चार, खाट बावीस. तो झोपलाय. दाढीत पांढरं आलंय, फोनवर कधी दिसलं नव्हतं. अजून उठवलं नाही.