पेपर कसा गेला हे तुम्ही विचारलं नाहीत

आबा, काल निकाल लागला. तुमच्या नातीला मेडिकलला जागा मिळेल एवढे मार्क पडलेत. कुठल्या गावी मिळेल ते कळायचंय, पण मिळेल असं तिच्या क्लासचे सर म्हणाले. घरात फार दिवसांनी टीव्हीचा आवाज मोठा आहे. तिचे बाबा स्टुलावर चढून उगाचच पंखे पुसतायत. मी ओट्यापाशी चहा करता करता एकदम खाली बसले, आणि मग लक्षात आलं की मला काही झालेलं नाही, नुसतं हलकं वाटतंय. हे कुणाला तरी सांगावं असं वाटलं आणि तुम्ही आठवलात. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. ती व्हायच्या कितीतरी आधी तुम्ही गेलात.

माझ्या वेळी ही ‘नीट’ परीक्षा नव्हती. मेडिकलची अख्ख्या देशाची वेगळी परीक्षा असायची आणि मला पुण्यातल्या एका शाळेत सेंटर आलं होतं. आदल्या दिवशी सेंटर बघून यायचं हे तुम्हीच ठरवलंत. पिरंगुटच्या कंपनीत तुमची सगळी नोकरी गेटाच्या वेळेवर गेली. भोंगा झाला की गेट बंद, जरा उशीर झाला तर अर्धा दिवस गेला. "गेट म्हंजी गेट," तुम्ही आईला सांगत होतात, "तितं रडून भागत न्हाई." म्हणून रजा टाकलीत आणि आपण दोघं एस.टी.नं गेलो. शाळेला सुट्टी होती. तुम्ही भिंतीच्या कडेकडेनं पूर्ण फेरी मारलीत. पुढचं कमानीचं मोठं गेट बघितलंत, मागचं लहान लोखंडी गेट बघितलंत, आणि मागच्या गेटापाशी कडुलिंबाखाली उभं राहून म्हणालात, "हितं सावली बी हाय. उंद्या हितंच यायचं." मी विचारलं, पुढच्या गेटनं नाही का? तुम्ही हसलात. "म्होरलं गेट सायबांचं असतंय, बाय. आपण मागल्या गेटनं." तुमच्या कंपनीत तसंच होतं. मलाही त्यात काही चुकीचं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी आपण त्या झाडाखाली उभे आहोत आणि कुणीच येत नाही. "पुण्याची पोरं उशिरा उठत्यात," असं म्हणून तुम्ही खूश आहात. मग शाळेतली झाडूवाली बाई कचरा टाकायला बाहेर आली आणि आपल्याकडे बघतच राहिली. "अवो, पोरीचा पेपर हाय का? मग हितं काय करताय? समदी पोरं म्होरल्या गेटनं आत गेली की! बंद कराय लागल्यात बघा." तुम्ही माझा हात धरलात आणि पळालात. एवढी वाढलेली मी, आणि तुम्ही मला बालवाडीतल्या पोरीसारखं ओढताय. कोपऱ्यावर तुमची एक चप्पल सुटली. मी थांबले तर म्हणालात, "ऱ्हाऊ दे ती, पळ!" गेटावरचा माणूस दार ओढतच होता. तुम्ही लांबूनच ओरडलात, "ओ सायेब, ह्यी एक पोरगी ऱ्हायलीय!" त्यानं फटीतून मला आत घेतलं. "काय मामा, झोपला होता का?" असं तो तुम्हाला म्हणाला, ते मी आत जाता जाता ऐकलं.

पेपर सुटल्यावर गेटात ही गर्दी. प्रत्येकाचे आईवडील विचारतायत, फिजिक्स कसं होतं, किती सोडवले, किती सोडले. तुम्ही पुढेच उभे होतात, एक पाय अनवाणी. हातात ओलं फडकं गुंडाळलेली बाटली. "पानी पितीस का?" एवढंच म्हणालात. मी प्यायले. एस.टी.त तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. चांदणी चौक गेला, भूगाव गेलं, पिरंगुटचा घाट उतरला, घोटावडे फाट्यावर आपण उतरलो आणि आपल्या गावापर्यंत, भऱ्यापर्यंत, चालत आलो, तुम्ही तसेच एका चपलेवर. पेपरचा एक शब्द नाही. तेव्हा मी मनाशी ठरवून टाकलं की आबांना फिजिक्स म्हणजे काय तेच माहीत नाही, ते काय विचारणार. पुढे निकाल लागला, मला जागा मिळाली नाही. तुम्ही "बरं" म्हणालात. मी बी.एस्सी. केलं, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागले, अजून तिथेच आहे. माझं काही वाईट झालं नाही.

लेकीच्या वेळी मात्र मी गर्दीतल्या बाकीच्या आईबापांसारखीच निघाले. पहिल्या वर्षी ती गेटातून पुरती बाहेर यायच्या आत मी विचारलं. गाडीत क्लासनं फोनवर टाकलेली उत्तरं उघडली आणि एकेक प्रश्न ताडून बघायला लावला. ड्रॉप घेतला, दुसऱ्या वर्षीही तेच केलं. ती ताडता ताडता रडायला लागली आणि मी म्हणाले, रडू नकोस, पुढचा सांग. त्यानंतर एकदा जेवताना ती शांतपणे म्हणाली, "पुढच्या वेळी मला बाबा सोडतील. तू येऊ नकोस. मी बाहेर आले की तुला आधी पेपर दिसतो, मी नाही दिसत." मग वर्षभर तिनं माझ्याशी अभ्यासाबद्दल बोलणंच बंद केलं. दार लावून बसायची. मार्क पडोत न पडोत, पोरगी हातची गेली असं मला वाटायला लागलं होतं.

यंदा परीक्षेच्या आधी मी आईकडे भऱ्याला गेले होते. ती वाल सोलत बसली होती. मी म्हटलं, "आई, आबांना कसं गं जमलं? मला कधीच नाही विचारलं त्यांनी, पेपर कसा गेला म्हणून."

आई हसायलाच लागली. "तुला न्हाई इचारलं. माझं डोस्कं खाल्लं! तू हातपाय धुवाय गेलीस की लगीच चुलीपाशी आलं, काय बोलली का गं ती? सकाळी डबा घेताना तेच, कंपनीतनं आलं की तेच. म्या म्हनलं, तुमीच इचारा की. तर म्हनं नको, तिला वाटंल मागल्या गेटापायी इस्कटलं का म्हून इचारतोय."

"आणि चप्पल? ती का नाही आणली मग?"

"गेटावरनं हाललंच न्हाईत. आपन चप्पल आणाय जायाचं आन पोरगी बाहीर आली तर, म्हनं."

घरी येऊन मी लेकीला म्हटलं, "या वेळी मी येऊ का? काही विचारणार नाही." तिनं माझ्याकडे बघितलं. "बघू," म्हणाली. पण आदल्या दिवशी स्वतःच चपला घालून उभी राहिली. "चल, सेंटर बघून येऊ. मॅपवर दिसतंय सगळं, पण तुला चैन नाही पडायची." आम्ही भिंतीच्या कडेनं फेरी मारली. मी वॉचमनला विचारलं, मुलांना आत कुठल्या गेटनं सोडतात? तो म्हणाला, "मॅडम, एकच गेट आहे." लेक मला ओढत घेऊन गेली.

परीक्षेच्या दिवशी ती बाहेर आली. मी बाटली पुढे केली. "पाणी?" ती प्यायली, माझ्या तोंडाकडे बघत थांबली. मी गाडी सुरू केली. परस्पर भऱ्याला, आईकडे जेवायला जायचं होतं. चांदणी चौकापर्यंत मी उकाड्यावर बोलले, आजीनं काय केलं असेल त्यावर बोलले. भूगावला नेहमीसारखी गाड्यांची रांग. पुढे टेम्पो, मागे ट्रक, जागचं हलायला नाही. आणि तिथे माझ्या तोंडातून निघालंच, "फिजिक्स कसं होतं गं?"

मी जीभ चावली. ती खो खो हसायला लागली. "भूगावपर्यंत टिकलीस, आई! मी तर चांदणी चौक धरला होता." मग तिनंच सगळा पेपर सांगितला, घोटावडे फाटा येईपर्यंत. कुठे अडली, कुठे अंदाजानं खूण केली, शेजारचा मुलगा कसा पाय हलवत होता. मी नुसती गाडी चालवली. त्या दिवसापासून मला निकालाची तेवढी भीती राहिली नव्हती.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, माझ्याकडेच राहील. पण तुम्ही आईला विचारत होतात त्याचं उत्तर द्यायचं राहून गेलंय. मागच्या गेटामुळे काही झालं नव्हतं, आबा. आत जाऊन बसल्यावर पेपर हातात यायला वेळ होता, माझी धापसुद्धा गेली होती. फिजिक्सच मला येत नव्हतं. आणि तुम्ही त्या दिवशी विचारलं असतंत, तर बरा गेला म्हणून मी खोटंच सांगितलं असतं. तहान मात्र खरंच लागली होती.