चालू यंत्राला हार

१२ सप्टेंबर
सर्व्हरवर जॉब एकदाचा सुरू झाला! म्हशींच्या डीएनएचे लाखो तुकडे — त्यानं ते एकमेकांशी जुळवत बसायचं, तीन आठवडे. मी फक्त बघायचं. गाईड अवंतिका मॅडमनी बजावलंय, दिवाळीच्या सुट्टीआधी निकाल हातात नसेल तर प्रबंध पुढच्या वर्षी. मधले टप्पे साठवत नाही, डिस्कवर तेवढी जागाच नाही. म्हणजे मध्येच थांबला की पुन्हा पहिल्यापासून. पण थांबेल कशाला?

१६ सप्टेंबर
चालू आहे.

२१ सप्टेंबर
रविवार. कबनूरला घरी. श्रावणात आण्णांनी माग विकले, तेव्हापासून शेड रिकामी. खटखट नाही तर आण्णांना घास उतरत नाही. जेवताना म्हणाले, "मोने, तुझं यंत्र रातध्याड चालतंय व्हय?" व्हय म्हटलं. "आमचं माग सुदिक खंडेनवमीला थांबायचं की!" मी हसले. सर्व्हरला कसली खंडेनवमी!

२९ सप्टेंबर
दुपारी वीज गेली. बॅटरीवर टिकला बिचारा.

१ ऑक्टोबर
दिवसभर नेसरीत, गोठ्यांतून रक्ताचे नमुने घेत. संध्याकाळी लॅबमध्ये आले तर जॉब मेला! सर्व्हर बंद. त्यावर हळदकुंकू, झेंडूचा हार. दोन दिवस राहिले होते, दोनच!

लॅबचा शिपाई कृष्णात खाली मान घालून उभा. "चालू यंत्राला हार घालत न्हाईत, ताई. वाटलं, परत चालू केलं की फुडं जाईल." मी नको नको ते बोलले. हार ओढून काढायला गेले तर दोरा तुटेना, दुहेरी सुताचा. शेवटी त्यावरच रडू आलं.

२ ऑक्टोबर
दसरा. घरी आण्णांना सोनं दिलं. म्हणाले, "यंत्र बरं हाय न्हवं?" सणाचा दिवस — म्हटलं, बरं आहे. एवढे खूश कशानं झाले कोण जाणे.

३ ऑक्टोबर
पहिल्यापासून सुरू केला. मॅडम म्हणाल्या, "मग आता पुढचं वर्ष." एवढंच. कृष्णातनं टेबलावर चहा आणून ठेवला. घेतला नाही.

११ ऑक्टोबर
चालू आहे. कृष्णातशी बोलणं बंद ते बंदच.

१६ ऑक्टोबर
आईचा फोन, फराळाचं विचारायला. बोलता बोलता तिच्या तोंडून निघून गेलं — नवमीला आण्णा लॅबमध्ये आले होते! शेडमध्ये उरलेल्या सुतात पहाटे स्वतः हार ओवला. आई म्हणाली, "पुजायला घरात यंत्र कुठं राहिलंय? म्हणून लेकीच्या यंत्राला घालून आलं."

आणि निघताना कृष्णातला बजावून आले म्हणे — "पोरीला सांगू नगा. हसंल."