अल्सर म्हणे!

३ फेब्रुवारी १९८७
अल्सर म्हणे! अल्सरसाठी परळच्या त्या हॉस्पिटलात कोण नेतं? समोरच्या बाकावर गळ्याला भोक पाडलेला माणूस, शेजारी केस गेलेली पोर — आणि मला अल्सर! डॉक्टरांकडे आत गेले ते दादा, ह्यांचे थोरले भाऊ. बाहेर येऊन ह्यांना कोपऱ्यात नेलं, काहीतरी बोलले. हे मान डोलावत होते. पोट माझं! मला कुणी काही विचारलं? खाडीपूल ओलांडून वाशीला घरी आलो, तर दोघांनी मला सरळ खाटेवर निजवलं.

११ फेब्रुवारी
दुपारभर उशी चावत पडले. ह्यांना म्हटलं, दुखणं थांबेल असं काहीतरी आणा हो. तर म्हणे, "कडक औषधाची सवय लागते, चारू. उद्या बरी झालीस की सुटायची नाही." उद्या बरी! जीभ तरी कशी रेटते माणसाची?

१५ फेब्रुवारी
ह्यांच्याशी बोलले नाही. पेज तशीच परत पाठवली.

२० फेब्रुवारी
दादा आले, सफरचंदं घेऊन. "रंग सुधारलाय की!" डोळे हळदीसारखे पिवळे झालेत, आरसा आहे घरात. हे मात्र खुशीत. मे महिन्यात मालवणला जाऊ, म्हणतात. नाटकं करावीत तरी किती! म्हटलं, "कुणाला नेणार? माझ्या फोटोला?" हे उठून गॅलरीत गेले. दादा माझ्याकडे बघेनात.

२६ फेब्रुवारी
हे मार्केटात कामावर गेल्यावर शेजारच्या सुमित्राबाई एका डॉक्टरीणबाईंना घेऊन आल्या. नंदिनी नाव, तरुण आहे. खुर्ची दिली तर नको म्हणाली, खाटेवरच टेकली. पोट दाबून पाहिलं, केसपेपर वाचला — सगळा इंग्रजीत, आम्हाला दोघांना कुठं वाचता येतो! मग मला — मला! — विचारलं, "तुम्हाला किती कळायला हवंय?"
सगळं.
"कॅन्सर आहे, लिव्हरपर्यंत गेलाय. बरा नाही करता येणार. पण दुखणं कमी करता येतं, ते मी करणार. आणि शेवटपर्यंत येत राहीन."
सवय लागेल ना? "दुखतंय म्हणून घेता, ते व्यसन नव्हे."
एवढंच होतं तर! एवढ्यासाठी उशी चावायला लावली मला! खूप रडले. ती उठली नाही.

२८ फेब्रुवारी
मॉर्फिनचं पातळ औषध तिनंच हॉस्पिटलातून आणलं. दुपारी झोपले. जागी झाले तर कुठं दुखतच नव्हतं! वरणभात खाल्ला, लिंबू पिळून. दुखणं गेलं, राग मात्र जागच्या जागी. उद्या रविवार, हे घरी. सुनावणारच.

१ मार्च
म्हटलं, "कॅन्सर लपवलात माझ्यापासून!" हे फरशीवरच बसले. "दादा तर म्हणाला अल्सर आहे. तपासणी तिथं चांगली होते म्हणाला..."
ह्यांना काहीच माहीत नव्हतं. आता सगळं मलाच सांगावं लागणार — हळूहळू, ह्यांना सोसेल तसं.