शेपूट जमिनीवरच होती

४ जानेवारी, सकाळ

आजपासून रडणं बंद. मध्यंतरी रोज सकाळी अर्धा तास ठरवून रडून पाहिलं, पण अर्धा तास पुरत नाही. त्यापेक्षा बंदच बरं.

कामाला लागायला कारणही मिळालं आहे. म्युझियमच्या दारावर नोटीस लागली आहे. मोठं दालन मार्चपासून दुरुस्तीसाठी बंद. लांब मानेच्या डायनोसॉरची जमिनीवर टेकलेली शेपूट कापून वर उचलणार, 'आधुनिक संशोधनास अनुसरून'.

तो डायनोसॉर ह्यांनी केला. एकतीस वर्षांपूर्वी, लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर प्लास्टर चढवून, चौदा महिने खपून. हे म्युझियममध्ये प्लास्टरकामाला होते. शेपूट टेकवली ती विचार करूनच टेकवली असणार. हे विचार केल्याशिवाय बुटाची नाडीसुद्धा बांधत नसत.

शेपूट जमिनीवरच होती हे मी पुराव्यानिशी सिद्ध करणार. जवळजवळ दोन महिने आहेत, भरपूर झाले. शाळा सातवीपर्यंतच झाली, पण वाचता येतं, आणि वाचता आलं की बाकीचं येतं.

ह्यांना जाऊन आठ महिने झाले. त्याचा याच्याशी संबंध नाही. मी हे विज्ञानासाठी करते आहे.

६ जानेवारी

लायब्ररीतून पाच पुस्तकं आणली. ग्रंथपालांनी विचारलं, नातवंडांसाठी का? मी हो म्हटलं. आम्हाला मूलच नाही, पण उगाच वाद कशाला.

पाचही पुस्तकं रविवारपर्यंत संपवायची.

९ जानेवारी

शेणाचेही दगड होतात. हाडांचे होतात हे ठाऊक होतं, शेणाचं आज कळलं. मोठ्या दातांच्या मांसखाऊ डायनोसॉरची एक विष्ठा सापडली आहे, जवळजवळ दीड फूट लांब, आत हाडांचा चुरा. लांब मानेवाल्यांच्या शेणात गवताचे कण सापडले, त्यावरून कळलं की तेव्हाही गवत होतं. तोवर मोठमोठे लोक नव्हतं म्हणून बसले होते. एका विद्वानाने तर असे दगड कापून, घासून टेबलाच्या वरच्या बाजूला बसवून घेतले होते.

हे जेवताना नणंदेला सांगितलं. नणंद माझ्याकडेच राहते. लग्न केलं नाही, पोस्टातून रिटायर झाली, आणि बोलण्याचा शिक्का अजून जोरात मारते. तिने घास खाली ठेवला. म्हणाली, वहिनी, दादा गेल्यापासून तू जेवत नव्हतीस म्हणून मी तुझ्या मागे लागायचे, आता तू मला जेवू दे.

तिला विज्ञानाची आवड नाही.

मुद्दा पहिला: मोठ्या लोकांची चूक शेणावरूनही निघते.

११ जानेवारी, रविवार

दीड पुस्तक झालं. चित्रं फार आहेत, त्यात वेळ जातो.

१४ जानेवारी

एका गुहेत, पूर्वी होऊन गेलेल्या अस्वलाएवढ्या आळशी प्राण्यांच्या लेंड्यांचा थर होता, माणसाच्या उंचीएवढा. हजारो वर्षं जसाच्या तसा टिकला. मग कोणाच्या तरी हलगर्जीपणाने आग लागली आणि तो महिनोन्महिने धुमसत राहिला. विझवायला माणसं पाठवली. अभ्यासकांना वाईट वाटलं असं लिहिलं आहे.

लेंड्या जळल्या तर वाईट वाटतं. चौदा महिन्यांचं काम करवतीने कापायला निघालेत त्याचं काही नाही. हा मुद्दा जोरात मांडायचा.

१९ जानेवारी

आज मोठा शोध. समुद्रातल्या एका लांबलचक प्राण्याचं डोकं एका नावाजलेल्या अभ्यासकाने शेपटीच्या टोकाला बसवलं होतं. छापूनही टाकलं. दुसरा एक प्राणी चिमटीत मावेल एवढा; त्याच्या पाठीवरचे काटे म्हणजे पाय, असं समजून तो वर्षानुवर्षं उलटा दाखवला. त्याचं डोकं म्हणून जे दाखवायचे तो पोटातून पिळून निघालेल्या घाणीचा डाग निघाला.

असे हे तज्ज्ञ. आणि असले लोक आमच्या शेपटीला नावं ठेवणार.

नणंदेला मुद्दा वाचून दाखवला. ती म्हणाली, एवढे शिकलेले चुकतात तर प्लास्टरवाला नाही का चुकू शकत?

मुद्दा तात्पुरता खोडला आहे.

२३ जानेवारी

एका डायनोसॉरची हाडं अंड्यांच्या ढिगाजवळ सापडली. लोकांनी ठरवलं, हा अंडी चोरायला आला होता. नावही अंडीचोर म्हणून ठेवलं. सत्तर वर्षांनी कळलं की अंडी त्याच्याच जातीची. पुढे तसेच आणखी सापडले, अंड्यांवर पसरून बसलेले. वाळू अंगावर आली तरी उठले नव्हते.

नाव मात्र बदललं नाही. अजून चोरच म्हणतात.

संध्याकाळचा दिवा लावायचा राहिला. नणंदेने येऊन लावला. डोळे लाल झाले ते बारीक अक्षरामुळे.

३० जानेवारी

म्युझियमला पत्र टाकून आठ दिवस झाले. अकरा पानी होतं. उत्तर नाही. म्हणजे विचारात पडलेत.

एक नवा मुद्दा सुचला. शेपूट टेकवली आहे म्हणून तो उभा आहे. उचलली तर पुढे तोंडावर पडेल. आपण स्टूल ठेवतो तसंच. नणंद म्हणाली, तो खरा डायनोसॉर पडेल की दादाचा? मी म्हटलं, दोन्ही.

५ फेब्रुवारी

मोठ्या दातांच्या डायनोसॉरांपैकी काहींच्या जबड्याच्या हाडाला भोकं आहेत. कबुतरांना घशाचा एक रोग होतो, तसलाच असावा असं काहींना वाटतं. घसा आतून सुजत जातो. एवढा जबडा, एवढे दात, आणि घास खाली उतरत नाही. त्यातला एक उपाशी मेला असेल, असं लिहिलं आहे.

आज एवढंच.

६ फेब्रुवारी

कालचं पुरं करते, अर्धवट काम मला आवडत नाही.

ह्यांना घास अडकायला लागला तेव्हा हे म्हणाले, प्लास्टरची धूळ आहे, निघून जाईल. सात महिने तेच म्हणाले. नणंद रोज म्हणायची, दादा, डॉक्टरकडे चल. मीच तिला गप्प केलं. प्लास्टर ह्यांना कळत होतं. मला कळत नव्हतं, तिला तर नाहीच. ज्याला जे कळतं त्यात आपण तोंड घालू नये. मी केलं ते बरोबरच केलं.

नंतर चमच्याने पाणी. तेही बाहेर यायचं.

हे लिहायची गरज नव्हती. पुन्हा शेपटीकडे वळायचं.

११ फेब्रुवारी

चौथ्या पुस्तकात पावलांच्या ठशांवर एक धडा आहे. चिखलात उमटलेले ठसे, त्यांचे दगड झालेले, शेकडो, ओळीने. लांब मानेवालेही आहेत. त्यात पुढे शेपटीबद्दल एक परिच्छेद आहे.

तो नीट वाचता आला नाही. चष्म्याचा नंबर बदलला असणार.

१२ फेब्रुवारी

चष्म्याच्या दुकानात जाऊन आले. नंबर तोच आहे म्हणाला. त्याचं मशीन जुनं वाटलं.

तो परिच्छेद पुन्हा वाचला. एका लेखकाचं मत म्हणून सोडून देता येईल. पाचव्या पुस्तकातही तेच निघालं, पण त्याने पहिल्याचं बघून लिहिलं असेल.

१५ फेब्रुवारी

प्रत्यक्ष चाचणी करायचं ठरवलं. अभ्यासकांची एक जुनी युक्ती आहे: हाड की दगड असा प्रश्न पडला तर जीभ लावून बघायची. जुन्या हाडाला बारीक छिद्रं असतात, ते जिभेला चिकटतं. साधा दगड चिकटत नाही. आधी घरी सराव केला. कुंडीतले तीन दगड चिकटले नाहीत. कुंडीच चिकटली.

दुपारी म्युझियम. दालनात कोणी नव्हतं. मुलं बसून बसून शेपटीचा एका जागी रंग गेला आहे, आतलं पांढरं प्लास्टर दिसतं. खाली बसले आणि जीभ लावली.

चिकटली. चांगलीच.

चव खडूसारखी. संध्याकाळी हे घरी यायचे तेव्हा ह्यांचे ओठ असेच लागायचे. मी म्हणायचे, आधी तोंड धुवा. रोज म्हणायचे.

वॉचमन कधी येऊन उभा राहिला कळलं नाही. त्याने विचारलं, बाई, काय करताय? मी म्हटलं, चाचणी. तो गेला आणि पाण्याचा ग्लास घेऊन आला. शेपटीवर डोकं टेकलं होतं ते दमल्यामुळे. डोळ्यांत धूळ गेली होती. त्या दालनात झाडू मारत नाहीत.

चाचणी यशस्वी.

१७ फेब्रुवारी

म्युझियमच्या मॅडमनी बोलावून घेतलं. वॉचमनने चुगली केली असणार, पण मॅडम रागावल्या नाहीत. तरुण आहेत, मला काकू म्हणाल्या. माझं पत्र सापडलं म्हणाल्या, तक्रारींच्या फायलीत, गळक्या नळांच्या खाली. अकराही पानं वाचली.

सत्तावीस तारखेला मीटिंग आहे. तिथे येऊन मांडा म्हणाल्या. पटलं तर शेपूट आहे तशी ठेवू.

जिंकल्यातच जमा.

२६ फेब्रुवारी

मुद्दे बत्तीस होते. नणंदेने ऐकून सात ठेवले. ठशांचा मुद्दा मी तिला सांगितलाच नाही. तो मुद्दा नाहीच, ती एक बाजू आहे.

उद्या ह्यांचा आवडता निळा स्वेटर घालून जाणार. थंडी नाही, पण मीटिंगच्या खोल्या गार असतात.

२७ फेब्रुवारी, दुपारचे चार

मीटिंग झाली. चौघं होते: मॅडम, ऑफिसचे मोठे साहेब, लोखंडाचं काम घेतलेला वेल्डर, आणि लिहून घेणारी मुलगी. मी वीस मिनिटं बोलले, अडखळले नाही. शेणाचा दगड सांगितला तेव्हा वेल्डरने बिस्कीट खाली ठेवलं. गुहेची आग सांगितली. अंड्यांवर बसलेली आई सांगितली तेव्हा लिहिणारी मुलगी लिहायची थांबली. साहेब म्हणाले, बाईंचा अभ्यास दांडगा आहे.

मग मॅडम म्हणाल्या, "काकू, खरं सांगते, माझा विषय नाणी. यातलं मला काही कळत नाही. इथे सगळ्यात जास्त तुम्हीच वाचलंय." कागदावर त्यांनी काहीतरी खूण केली. "पावलांचे ठसे सापडतात ना? शेपूट टेकत असेल तर मागे तिची रेघ उमटत असणार. तेवढं एक सांगा, मी वर कळवते आणि शेपूट राहू देते."

त्यांना शेपूट ठेवायची होती. माझ्यासाठीच ठेवायची होती, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. खोलीत कोणालाच माहीत नव्हतं. मी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

"नाही उमटत," मी म्हटलं. "ठशांच्या ओळीच्या ओळी आहेत. मधे रेघ नाही. कुठे एखादी, अगदी क्वचित. शेपूट हवेत धरून चालायचे ते."

साहेबांनी पंखा कमी करायला सांगितला.

"उचला," मी म्हटलं.

२७ फेब्रुवारी, सहा

नणंद दारातच उभी होती. काय ठरलं, विचारलं.

"हे चुकले होते," मी म्हटलं.

"शेपटीत?"

"शेपटीतही."

मला वाटलं, आता ती ते सात महिने काढणार. तिचा हक्क होता. तिने माझ्या हातातली पिशवी घेतली, पुस्तकं टेबलावर नीट लावली, आणि म्हणाली, "वहिनी, स्वेटर काढ. घामाने भिजलीस."

चौतीस वर्षांच्या संसारात ह्यांना तोंडावर चूक म्हटलं ते दोनदाच. दोन्ही वेळा ह्यांनी आठ दिवस अबोला धरला. नवव्या दिवशी सकाळी आपणहून चहा मागितला, जसं काही झालंच नव्हतं.

आज पहिला दिवस.

७ मार्च, सकाळ

शेपूट काल उचलली म्हणे. मी गेले नाही.

नववा दिवस. चहाचं आधण तीन कपांचं ठेवलं. नणंदेने पाहिलं आणि तीन कप मांडले. बराच वेळ थांबून मग आम्ही तिसरा कप अर्धा-अर्धा करून घेतला. गार झाला होता.